गर्भारपणातील धोक्याच्या खुणा आणि घरातील विलंब

आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी एक लेख द्यावा असे चिटणीसांनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात ‘विद्यार्थी आणि शिस्त’ असा विषय होता. मी पडलो शाळामास्तर, त्यामुळे ते स्वाभाविकच होते. परंतु शिस्तीवर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि माझ्या वर्गातील मुलांना विचाराल तर त्या विषयावरील माझ्या अधिकाराबद्दल ती काही निराळेच सांगतील. मी विषय बदलून मागितला. त्याचे कारण असे.

गेली काही वर्षे न्यासाकडे येणारे वैद्यकीय साहाय्याचे अर्ज वाचून त्यांवर टिपण करण्याचे काम माझ्याकडे आहे. अर्जात दोन रकाने आहेत. एकात ‘त्रास केव्हा सुरू झाला’ हे लिहावयाचे आणि दुसऱ्यात ‘रुग्णालयात केव्हा दाखल केले’ हे. हृदयविकाराच्या अर्जात या दोन रकान्यांतील अंतर बहुधा काही तासांचे असते. बाळंतपणातील गुंतागुंतीच्या अर्जांत ते पुष्कळदा दिवसांचे असते. छातीत कळ आलेल्या गृहस्थाला घरची माणसे मिळेल त्या रिक्षात घालून धावत सुटतात. आणि आठव्या महिन्यात डोके धरून बसलेल्या सुनेला मात्र “या दिवसांत असं व्हायचंच” असे सांगून पुन्हा निजवतात. प्रस्तुत लेख या दोन रकान्यांमधील अंतराविषयी आहे. मी डॉक्टर नव्हे, जीवशास्त्र शिकविणारा शिक्षक आहे. तेव्हा औषधे सांगणे हे माझे काम नाही. कोणत्या वेळी डॉक्टरकडे निघावे आणि निघताना घरात काय आडवे येते, एवढेच मी सांगणार आहे.

आपण ज्या शहरात राहतो तेथे या विषयाची एक मोठी स्मृती आहे. आपल्या हिमायतनगरला ज्यांचे नाव मिळाले त्या हिमायत अली खान ऊर्फ आझम जाह यांच्या धाकट्या भावाची पत्नी म्हणजे शाहजादी निलोफर. तुर्कस्तानच्या उस्मानी घराण्यातील ही मुलगी १९३१ साली लग्न होऊन निजामाच्या घरी आली. तिला स्वतःला मूल झाले नाही. तिच्या सेवेत रफतुन्निसा नावाची एक दासी होती. ती १९४९ साली बाळंतपणात दगावली. शाहजादीच्या मनाला ते फार लागले. आणखी कोणा रफतवर ही वेळ येऊ नये म्हणून तिने सासऱ्यांकडे हट्ट धरला आणि त्यातून रेड हिल्स भागात १९५३ साली १०० खाटांचे निलोफर रुग्णालय उभे राहिले. आपल्यापैकी अनेकांची मुले त्या इमारतीत तपासली गेली आहेत, पण हे नाव कशामुळे पडले हे वर्गात विचारले तर दोन हातही वर होत नाहीत.

दासीला वेळेवर उपचार मिळाले नाहीत हे समजू शकते. परंतु १७ जून १६३१ रोजी खानदेशातील बुऱ्हाणपूर येथे जी स्त्री बाळंतपणात मरण पावली ती हिंदुस्थानच्या बादशहाची बेगम होती. मुमताज महलचे ते १४ वे अपत्य. बादशहा दख्खनच्या मोहिमेवर होता आणि ती त्याच्याबरोबर होती. तिचा देह आधी तापी नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत ठेवला गेला आणि मग आग्ऱ्यास नेला गेला. ताजमहाल पाहून आलेली मंडळी संगमरवराचे वर्णन तासभर करतात; तो एका बाळंतिणीचा मकबरा आहे, हे बोलण्यात येत नाही. त्या काळी बादशहाच्या खजिन्यातही या दुखण्यावर उपाय नव्हता. आज तो साध्या सरकारी रुग्णालयात आहे, आणि आकडे तसे सांगतात. नोंदणी आयुक्तांच्या पाहणीनुसार २००४ ते २००६ या काळात आपल्या देशात दर १ लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत. २०१८ ते २०२० या काळात ती संख्या ९७ झाली. याच काळात महाराष्ट्रात ती ३३, तेलंगणात ४३ आणि केरळात १९ होती. जगाचा हिशेब पाहिला तर २०२३ साली सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया या कारणाने गेल्या.

मग उपाय असताना माणसे का जातात? १९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी याचे जे उत्तर दिले ते जगभर मान्य झाले आहे. त्या म्हणतात, विलंब तीन ठिकाणी होतो. पहिला विलंब घरात, म्हणजे न्यावयाचे की नाही हे ठरविण्यात. दुसरा रस्त्यात, वाहन आणि अंतर यांमुळे. तिसरा रुग्णालयात, उपचार सुरू होईपर्यंत. गडचिरोलीच्या जंगलातील किंवा आदिलाबादच्या पाड्यावरील स्त्रीला हे तिन्ही विलंब भोवतात. आपले काय? सुलतान बाजारचे सरकारी प्रसूती रुग्णालय, निलोफर, पेटलाबुर्ज ही सर्व आपल्यापासून थोड्याच किलोमीटरांवर आहेत. खासगी दवाखाने तर गल्लोगल्ली. वाहतुकीचा कितीही खोळंबा झाला तरी तास-दीड तासात पोहोचता येते. म्हणजे आपल्या वाट्याचा विलंब हा मुख्यतः पहिला, घरातला.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही.

१९९५ सालच्या मे महिन्यातील गोष्ट. आमचे बिऱ्हाड तेव्हा नांदेड जिल्ह्यातील देगलूरला होते आणि मी दहावीची परीक्षा देऊन रिकामा होतो. माझी थोरली बहीण, जिला आम्ही आपा म्हणतो, पहिल्या बाळंतपणासाठी भिवंडीहून माहेरी आली होती. आठवा महिना सरत आला होता. तीन-चार दिवस तिचे डोके दुखत होते. उन्हाळ्याचे दिवस, तेव्हा ऊन लागले असे ठरले आणि कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या गेल्या. पाय सुजले होते. ते सगळ्यांचेच सुजतात. छातीच्या खाली दुखते म्हणाली, तेव्हा पित्त झाले म्हणून सोडा पाजला. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली, तेव्हा अशक्तपणा आहे म्हणून दूध वाढवले. पाहा, प्रत्येक खुणेला घरात एक शहाणपणाचे उत्तर तयार होते.

चौथ्या दिवशी सकाळी तिच्या हातातील काचेच्या बांगड्या मनगटात रुतू लागल्या. शेजारच्या काकू काहीतरी मागायला आल्या होत्या. त्यांनी आपाकडे पाहिले आणि अम्मीला म्हणाल्या, “भाभी, पोरीचं तोंड बघा की कसं सुजलंय. हिला आत्ताच्या आत्ता नांदेडला न्या.” त्यांच्या पुतण्याची जीप गल्लीच्या तोंडाशी उभी होती. पुतण्या यायलाही तयार होता. परंतु अब्बा म्हणाले, मुलगी आता सासरची अमानत आहे. जावयाला विचारल्याशिवाय एवढ्या लांब कशी हलवायची? उद्या काही कमीजास्त झाले तर त्यांना काय तोंड दाखवायचे? म्हणून मला फोन करायला पाठवले.

दुलाभाई यंत्रमागावर कामाला होते. त्यांच्या घरमालकाकडे फोन होता. मी ११ वाजता बसस्थानकासमोरच्या टेलिफोनच्या काचेच्या खोलीत जाऊन बसलो. भिवंडीचा नंबर लागेना. लागला तेव्हा एका मुलाने “बोलावून आणतो” म्हणून रिसीव्हर बाजूला ठेवला तो ठेवलाच. यंत्रावरचे तांबडे आकडे पळत राहिले आणि खिशातले पैसे संपले. पुन्हा घरी येऊन पैसे नेले. बूथवाल्याने मला एकदा चहा पाजला. दुपारी ३ वाजता दुलाभाई स्वतः फोनवर आले. मी सगळे सांगितले. ते ओरडले, “अरे, यात विचारायचं काय? घेऊन जा!”

मी धावत घरी आलो तेव्हा आपाला पहिली आकडी येऊन गेली होती. दातांखाली जीभ सापडली होती. नांदेड सुमारे ८० किलोमीटर. वाटेत दुसरी आकडी आली. रुग्णालयात तिचा जीव वाचला. दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. मुलगी झाली होती, पण ती जिवंत जन्मली नाही.

अब्बांजवळ पैसे नव्हते असे नाही. जीप दाराशी होती, डॉक्टर नांदेडला होते, आणि दुलाभाईंनी तर एका क्षणात होकार दिला. कोणीही नाही म्हटले नव्हते. ४ तास गेले ते केवळ मर्यादेपायी, दुसऱ्याच्या अधिकाराचा मान राखण्यापायी. अडाणी माणसांच्या घरी विलंब होतो असे जे आपण समजतो ते तितकेसे खरे नाही. पुष्कळदा तो चांगल्या वळणाच्या घरांत अधिक होतो. पुढच्याच वर्षी अब्बांनी घरात टेलिफोन घेतला. त्याविषयी ते कधी काही बोलले नाहीत.

आपाला जे झाले त्याला वैद्यकात गर्भविषबाधा म्हणत असत. वस्तुतः विष असे काही नसते. वारेची, म्हणजे आईकडून बाळाला रक्तातील पोषण पोहोचविणाऱ्या अवयवाची, रुजवण नीट झालेली नसते आणि त्याचा परिणाम आईच्या सर्व रक्तवाहिन्यांवर होतो. रक्तदाब चढतो, मूत्रपिंडातून प्रथिने लघवीत उतरतात, यकृताला सूज येते, मेंदूला धक्का बसतो. छातीखाली जे दुखते ते पित्त नसून पुष्कळदा यकृत असते. आकडीला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचे मूळ ग्रीक भाषेत असून त्याचा अर्थ एकाएकी चमकणे असा होतो. आमच्या बायका ज्याला काजवे म्हणतात ते आणि हे एकच. हिप्पोक्रेटिसपासून हजारो वर्षे वैद्यांना आकडी आल्यावरच रोग कळत असे, कारण त्याआधीचा रक्तदाब मोजण्याचे साधन नव्हते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची युक्ती इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली काढली. तो पट्टा आज प्रत्येक आरोग्य केंद्रात आहे. गर्भारपणाच्या २० आठवड्यांनंतर वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला की डॉक्टरांनी लक्ष घालावयाचे. १६० किंवा ११० वर गेला तर त्याच वेळी रुग्णालयात दाखल व्हावयाचे.

आकडा चढलेला असूनही बाईला काही वाटत नाही, असेही होते. म्हणून तपासणी चुकवू नये. आणि पुढील गोष्टींपैकी एकही दिसली तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये: विश्रांती घेऊनही न थांबणारी तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, काजवे किंवा दोन-दोन दिसणे, उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खळगीत दुखणे, चेहरा व हात एकाएकी सुजणे. संध्याकाळी पाऊल सुजणे आणि सकाळी उतरणे हे साधारण आहे. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज असणे, अंगठी न निघणे, बांगडी रुतणे हे साधारण नव्हे.

या रोगावरचा खरा उपाय म्हणजे योग्य वेळी बाळंतपण करणे, आणि तोवर आकडी येऊ न देणे. आकडीसाठी मॅग्नेशियम सल्फेटची सुई देतात. हे औषध काही महाग नाही. ३३ देशांतील १० हजारांहून अधिक स्त्रियांवर केलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या सुईने आकडीचा धोका निम्म्याहूनही कमी झाल्याचे दिसले. दुकानात मिळणारे सारक मीठही त्याच द्रव्याचे असते. परंतु ते पोटात घेऊन उपयोग नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्यात हुशार माणसे फार. एकदा हा त्रास झालेल्या स्त्रीने पुढच्या खेपेस दिवस गेल्याबरोबर डॉक्टरांना तसे सांगावे. लवकर सांगितले तर कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करून धोका कमी करता येतो. १९९८ साली आपाचे दुसरे बाळंतपण याच शहरात झाले. दर पंधरवड्याला रक्तदाब पाहिला जात होता. तो चढू लागताच तिला दाखल करून घेतले. तो मुलगा आज माझ्याहून उंच आहे.

विलंबाचे माप प्रत्येक दुखण्यात सारखे नसते. मातृमृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनी एक हिशेब मांडला आहे. उपचार न झाल्यास त्रास सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत सरासरी किती अवधी मिळतो? बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात २ तास. बाळंतपणापूर्वीच्या रक्तस्रावात १२ तास. गर्भाशय फाटल्यास १ दिवस. आकडीत २ दिवस. अडलेल्या बाळंतपणात ३ दिवस. जंतुदोषात ६ दिवस. हे आकडे मी मुलांकडून फळ्यावर लिहून घेतो, आणि मग विचारतो की तुमच्या घरातून गाडी निघायला किती वेळ लागतो.

यावरून दिसेल की रक्त जाणे ही सर्वांत घाईची खूण. पहिल्या तीन महिन्यांत अंगावरून रक्त गेले तर गर्भपाताची भीती असते. त्याबरोबर पोटात एका बाजूस तीव्र कळ, खांद्यात दुखणे किंवा भोवळ असेल, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनलिकेत रुजला असण्याचा संभव असतो. नलिका फुटली की रक्त पोटातल्या पोटात साठते. बाहेर थोडेच दिसते आणि घरचे निर्धास्त राहतात. शेवटच्या महिन्यांत न दुखता लालभडक रक्त गेले तर वार गर्भाशयाच्या तोंडावर असू शकते. थांबले म्हणून घरी बसू नये; पहिला स्राव ही पुष्कळदा पुढच्या मोठ्या स्रावाची वर्दी असते. अशा वेळी सोनोग्राफी होण्यापूर्वी सुईणीला किंवा अन्य कोणालाही आत हात घालून तपासू देऊ नये. याउलट पोट लाकडासारखे घट्ट होऊन दुखत असेल तर वार आधीच सुटू लागलेली असते, आणि त्यात बाहेर दिसणाऱ्या रक्तावरून आतल्या रक्ताचा अंदाज येत नाही.

बाळाच्या हालचालीविषयी एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. दिवस भरत आले की बाळ शांत होते, असे वडीलधाऱ्या बायका सांगतात. हे बरोबर नाही. जागा कमी झाल्यामुळे हालचालीची तऱ्हा बदलते, पण बाळ गप्प होत नाही. सातव्या महिन्यानंतर प्रत्येक आईला आपल्या बाळाची रीत कळलेली असते. एखादे रात्री नाचते, एखादे जेवणानंतर. ती रीत बदलली, हालचाल मंदावली असे वाटले तर काही खाऊन डाव्या कुशीवर स्वस्थ पडावे आणि मोजावे. २ तासांत १० हालचाली झाल्या नाहीत तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे, मग रात्र असो वा रविवार.

पाणमोट फुटून पाणी जाऊ लागले तर कळा सुरू असोत वा नसोत, निघावे. पाणी हिरवट किंवा दुर्गंधी असेल तर अधिक त्वरेने. चौथ्या-पाचव्या महिन्यात ओटीपोट जड वाटून पाण्यासारखा स्राव होणे, आणि पूर्वी त्याच सुमारास गर्भ गेलेला असणे, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. गर्भाशयाचे तोंड अकाली उघडण्यावर जो टाका घालतात तो जगभर ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते डॉ. वि. ना. शिरोडकर मूळचे गोव्याचे. त्यांनी १९५५ साली ती पद्धत प्रसिद्ध केली. आपल्या माणसाने लावलेला हा शोध आपल्याच लेकीबाळींना ठाऊक नसावा हे बरे नव्हे.

बाकीच्या खुणा थोडक्यात सांगतो. थंडी वाजून ताप, लघवीस जळजळ, पाण्याचा घोटही न ठरणारी उलटी आणि दिवसभर लघवी न होणे, तळहात-तळपायांना रात्री झोप न येण्याइतकी खाज, जी यकृतामुळे असू शकते, एकाच पोटरीला सूज आणि दुखणे, निजले असता दम लागणे. यांपैकी प्रत्येकीला डॉक्टर हवाच. उलट्यांवरून आठवले म्हणून सांगतो, रमजानचा रोजा गर्भवतीने प्रकृतीस अपाय होत असेल तर सोडावा आणि नंतर भरून काढावा अशी आमच्या धर्मशास्त्रातच सवलत आहे. हरतालिकेच्या निर्जळी उपवासाबाबत माझ्या हिंदू भगिनी आपल्या घरच्या वडील मंडळींना विचारतील तर तेही हट्ट धरणार नाहीत, असे मला वाटते.

पांडुरोगाचे मात्र थोडक्यात आटोपणार नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२ टक्के गर्भवती स्त्रियांत रक्त कमी आढळले. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर ते कमी, ७ च्या खाली असेल तर धोक्याचे. अशा स्त्रीला बाळंतपणात इतरांना सहज सोसणारा रक्तस्रावही सोसत नाही. वर सांगितलेले २ तासदेखील तिला मिळत नाहीत. सरकारी केंद्रात लोहाच्या गोळ्या विनामूल्य मिळतात. दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक याप्रमाणे निदान १८० घ्यावयाच्या आणि बाळंतपणानंतर तितक्याच. शौचास काळे होते म्हणून त्या कपाटात राहतात. आणि ज्या घेतात त्या जेवणावर इराणी चहा पिऊन गोळीचा निम्मा गुण घालवतात. हैदराबादेत राहून चहा सोडा असे सांगण्याचे धैर्य मला नाही. गोळी आणि चहा यांत दोन तासांचे अंतर ठेवा, एवढेच म्हणतो.

आता एका अशा खुणेविषयी, जी अर्जाच्या कोणत्याच रकान्यात येत नाही. सतत रडू येणे, झोप उडणे, जगू नये असे वाटणे. याला घरात नखरे म्हणतात. तेही दुखणेच आहे आणि त्यावरही डॉक्टर आहेत.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण मराठी वाचकाला सांगावयास नको. १४ व्या वर्षी झालेला मुलगा १० दिवसांत गेला, तेव्हापासून वैद्यक शिकण्याचा ध्यास त्यांनी घेतला. स्त्रिया आपले दुखणे पुरुषाला सांगत नाहीत, म्हणून स्त्रीवैद्य हवेत, असे त्यांनी १८८३ साली श्रीरामपूरच्या सभेत सांगितले आणि १८८६ साली फिलाडेल्फियातून पदवी घेतली; त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्र हाच होता. आज आपल्या भागात स्त्री-डॉक्टर भरपूर आहेत. त्यांच्यापुढे कोणी लाजत नाही. लाज उरली आहे ती घरात. सून सासूला सांगत नाही, कारण सासूने ४ बाळंतपणे शेतात काम करीत काढलेली असतात. नवऱ्याला सांगते, तर तो म्हणतो आईला विचार. आई म्हणते, संध्याकाळी हे आल्यावर पाहू.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजात विशेष आहे. आपल्या पुष्कळ मुली पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जातात. इथून उदगीरला, भालकीला, देगलूरला, किंवा तिकडून इकडे येतात. रक्तदाब चढण्याचा धोका वाढतो तोही नेमका याच सुमारास. म्हणजे ज्या आठवड्यांत एका डॉक्टरची नजर सतत असावी, त्याच आठवड्यांत मुलगी एका डॉक्टरच्या हातून सुटलेली आणि दुसऱ्याच्या हाती न लागलेली अशी मधल्या मध्ये असते. ही चाल मोडा असे मी म्हणणार नाही. लेकीला आईजवळ जे बळ येते ते कोणत्याही औषधात नाही. पण लुगड्यांच्या घडीवर सर्वांत वर माता व बाल संरक्षण कार्ड, रक्तगटाचा कागद, सोनोग्राफीचे व रक्तलघवीचे अहवाल असावेत, आणि पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत तिथल्या डॉक्टरला दाखवून यावे. सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची विनामूल्य तपासणी असते. ही योजना २०१६ पासून चालू आहे.

तुमच्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवण असते, आमच्याकडे सतवासा. दोन्ही घरची माणसे त्या दिवशी एकत्र जमतात. ओटी भरून झाली, फोटो काढून झाले, की माझी विनंती आहे, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी दहा मिनिटे बाजूला बसावे आणि चार गोष्टी ठरवाव्यात. कोणत्या रुग्णालयात जायचे. रात्री गाडी कोणाची. रक्त द्यायला कोणते दोघे तयार आहेत. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची: त्या वेळी जो कोणी घरात असेल, मग ती एकटी आजी असो वा शेजारीण, तिने कोणालाही न विचारता निघावे, आणि फोन गाडीत बसल्यावर करावा. जावयाने हे स्वतःच्या तोंडाने सासऱ्यांना सांगावे. सासूने सुनेला सांगावे. आमच्या घरात गेली अनेक वर्षे ही पद्धत आहे, आणि अब्बा हयात होते तोवर ही चौथी गोष्ट तेच बोलून दाखवीत. दृष्ट काढावयाची असेल, ताबीज बांधावयाचा असेल, तर तेही गाडीत बसून करता येते.

बाळंतपण झाले म्हणजे सुटलो, असेही नाही. त्यानंतर ६ आठवडे या खुणा तशाच लागू असतात. एका तासात एकाहून अधिक कापडे भिजणे, लिंबाएवढ्या गाठी पडणे, दुर्गंधी स्राव, ताप. आणि पुन्हा तीच डोकेदुखी, तेच काजवे, कारण आकडी बाळंतपणानंतरही येऊ शकते. घरात बाळ आले की सगळ्यांच्या नजरा पाळण्याकडे लागतात. बारशाच्या गडबडीत बाळंतीण आतल्या खोलीत कपाळ दाबून पडलेली असते, आणि पाहुणे पेढे मागत असतात. त्या खोलीत जाऊन तिला विचारणारे एक माणूस नेमावे.

१०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका २००५ साली आपल्या याच शहरातून सुरू झाली आणि मग इतर राज्यांत गेली. तिला पैसे पडत नाहीत. हा क्रमांक आणि आपल्या डॉक्टरांचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूस लावावा. दिवाणखान्यात लावू नये; तिथे तो कॅलेंडराखाली जातो.